चौथा पेला

दुभाष्याला त्या कचेरीत सगळे 'टेपरेकॉर्डर' म्हणायचे आणि त्याला ते नाव मनापासून आवडायचं. समोरचा बोलेल ते, तेवढंच आणि तसंच. बाकीचे दुभाषे मधेच आपलं शहाणपण पाजळायचे, रडणाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवायचे, थापा मारणाऱ्याकडे बघून भुवया उडवायचे. हा नाही. समोरचा शिवी देवो की टाहो फोडो, हा ते एका सुरात पलीकडे पोचवणार. शिवाय नियमच होता, की दुभाष्याने 'हे असं म्हणतात' असं म्हणायचं नाही, सरळ 'मी' म्हणायचं. त्यामुळे गेल्या सहा वर्षांत त्या खोलीत तो किती वेळा विधवा झाला, किती वेळा बोटीतून बुडता बुडता वाचला, याची मोजदाद नाही. संध्याकाळी मात्र तो शहाण्यासारखा घरी जायचा आणि मुलीचा गृहपाठ घ्यायचा.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकी होती, पण उघडायची नाही. टेबल जमिनीला स्क्रूने घट्ट बसवलेलं, कोणी रागाच्या भरात उचलून फेकू नये म्हणून. या देशात आसरा मागायला आलेल्या माणसाने त्या टेबलाशी बसून आपण घर का सोडलं ते सांगायचं, आणि पलीकडच्या अधिकारीबाईंनी ते टाइप करून घ्यायचं. पटलं तर कागद मिळणार, नाही पटलं तर परतीचं विमान. अधिकारीबाई वाईट नव्हत्या. दिवसाला चार जणांचं रडणं ऐकून त्यांचं मन निबर झालं होतं, इतकंच.

एरवी तो शेजारच्या देशांच्या भाषांतून काम करायचा, पण त्या दिवशी पहिलीच बाई दुभाष्याच्या मायबोलीतली निघाली. पन्नाशीची, बुटकी, हाताची कातडी धुण्याच्या पावडरीने पांढरी पडलेली. तेरा वर्षं एका इस्पितळाच्या चादरी धुतल्या होत्या म्हणे. मग गालिच्यांच्या ट्रकात लपून, तीन सीमा ओलांडून आली होती. आपल्या भाषेतला आवाज ऐकल्यावर तिचा चेहरा असा काही उजळला, की दुभाषा नियमाप्रमाणे कागदात बघू लागला.

"भाऊ, तुम्ही आमच्याकडचेच का हो?" तिने विचारलं.

"मी फक्त भाषांतर करतो, ताई. जे सांगायचं ते त्यांना सांगा."

तिने सांगायला सुरुवात केली आणि तो 'मी, मी' करत मागोमाग जाऊ लागला. नवरा जमिनीच्या नोंदणीच्या कचेरीत कारकून होता. एका बड्या माणसाच्या खोट्या दस्तावर सही करायला तो तयार होईना. समजावून झालं, धमकावून झालं. हा आपला ढिम्म.

"सुट्टीचा दिवस होता, दुपारची वेळ. हे दारात बसून मुलीच्या दप्तराचा पट्टा शिवत होते. चार जण आले. आधी पाणी मागितलं. मी चार पेले भरून आणले. तिघं प्यायले. चौथ्याने पेला घेतला, माझ्याकडे बघितलं..."

'...पाणी कुंडीत ओतलं आणि पेला पालथा ठेवला,' दुभाषा म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की बाई अजून तिथवर पोचलेलीच नाही. तिने मागाहून श्वास घेऊन अगदी तेच म्हटलं. पाणी कुंडीत ओतलं आणि पेला पालथा ठेवला.

सहा वर्षांत तो कधी कोणाच्या पुढे गेला नव्हता.

आता हे त्याला आधीच कसं ठाऊक, ते सांगितलं पाहिजे. बारा वर्षांपूर्वी हाच माणूस याच कचेरीत, टेबलाच्या त्या बाजूला बसून हेच बोलला होता. फक्त नवऱ्याच्या जागी थोरला भाऊ होता आणि पाणी आईने आणून दिलं होतं. याला थोरला भाऊ नव्हता. सख्खा सोडा, चुलतही नव्हता. याच्या घरात कोणी कोणाला मारलं नव्हतं. पाच वर्षं शिकून पाच वर्षं रिकामा बसलेला धडधाकट माणूस, आई शिवण करून पोसतेय, आणि शेजारीपाजारी रोज विचारतायत, 'काय, लागलं का कुठे?' एवढंच त्याचं दुःख. ते काही थोडं नव्हतं, पण पासपोर्टाचे फोटो काढणारा एक फोटोवाला माणसं बाहेर पाठवायचा, त्याने त्याला स्टुडिओतल्या स्टुलावर बसवून समजावलं होतं, "भूक सांगू नकोस. भुकेवर तिथे कोणी शिक्का मारत नाही. रक्त सांग." आणि एका वहीतून ही गोष्ट काढून दिली होती. आठ दिवस त्याने ती घोकली. चौथ्या पेल्यापाशी थांबायचं, हेसुद्धा फोटोवाल्याने शिकवलं होतं. त्याला ती कोणीतरी बसून रचलेली वाटली होती. बरी रचलीय, असंही वाटलं होतं.

बाई सांगत होती. मुलीला बघायला म्हणून ती आत गेली आणि बाहेर आवाज आला. पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडावर हात दाबून ती धान्याच्या कोठीमागे बसून राहिली. बाहेर आली तेव्हा तिघांचे पेले लवंडलेले होते आणि एक पालथा होता. तिने साक्ष दिली, चौघं तुरुंगात गेले. गेल्या वर्षी सुटून आले आणि सगळ्यात आधी त्यांनी तिचं दार वाजवलं.

"पुन्हा पाणीच मागितलं," ती म्हणाली. "पोरगी सासरी होती, मी मागच्या दाराने पळाले. आता परत गेले तर दुसऱ्या दिवसाचा सूर्य बघणार नाही, भाऊ. हे बाईंना नीट सांगा. आणि हेही सांगा, की माझ्या माणसाला मारायला आलेल्यांना मी माझ्या हाताने पाणी पाजलं. तेरा वर्षं हेच मनात घोळतंय."

त्याने सांगितलं. आवाज जरा चिरकला, पण अधिकारीबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी खणातून एक कागद काढून टेबलावर ठेवला होता.

"ही गोष्ट या कचेरीत एकोणीस वेळा सांगितली गेली आहे," त्या म्हणाल्या. "कधी भाऊ, कधी बाप, कधी नवरा. चार पेले आणि त्यातला चौथा पालथा, हे मात्र ठरलेलं. पहिल्या तिघांवर आम्ही विश्वास ठेवला. नंतरच्या सोळा जणांना परत पाठवलं. हे यांना सांगा."

दुभाषा त्या पहिल्या तिघांतला दुसरा. बाकीचे सगळे तो इथे नोकरीला लागण्याआधीच येऊन गेले होते. कागदावर नावं नव्हती, नुसते क्रमांक होते, तरी त्याला आपला क्रमांक उलटा वाचूनही ओळखता आला. त्याने बाईला जसंच्या तसं सांगितलं.

बाई एकाएकी पुढे सरसावली. तिच्या तोंडावर असा आनंद दाटून आला, की बघवेना.

"एकोणीस जणांनी बघितलं?" ती म्हणाली. "अहो, मला वाटायचं तिथे कोणीच नव्हतं. गल्लीतली सगळी दारं बंद होती. एकोणीस जण बघत होते? मग झालं तर! बोलवा ना त्यांतल्या एकाला. एक जरी आला तरी पुरे."

हे त्याने अधिकारीबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "त्यांना सांगा, कोणी काही बघितलेलं नाही. ते एकोणीसही खोटं बोलत होते. सगळ्यांनी एकाच दुकानातून माल घेतला, आणि यांनीही तिथूनच घेतलाय."

दुभाष्याने शब्दही न गाळता सांगितलं. एवढं धैर्य मात्र त्याच्या अंगात होतं.

"खोटं कसं असेल?" बाई त्याचीच बाजू घेऊन भांडू लागली. "चौथ्याने पेला पालथा ठेवला, ते बघितल्याशिवाय कोणाला कसं कळेल? ती माणसं खरं बोलतायत. बिचाऱ्यांना उगाच परत पाठवलंत तुम्ही."

अधिकारीबाईंनी तेही टाइप केलं. मग जुन्या नोंदी छापून आणते म्हणून त्या बाहेर गेल्या. दाराशी एक पहारेकरी तेवढा राहिला, पण त्याला ही भाषा येत नव्हती.

"भाऊ," बाई हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही इथे इतकी वर्षं काम करताय. त्यांतला एखादा तुमच्या ओळखीचा असेल. शोधाल का? पाया पडते मी त्याच्या."

आणि टेपरेकॉर्डर पहिल्यांदाच आपलं स्वतःचं काहीतरी बोलला. "ताई, त्यांतला एक मी आहे."

तिने झटकन त्याचे दोन्ही हात धरले. "तुम्ही होता तिथे? मग मला सांगा, हे काही म्हणाले का? मी आत होते, मला नीट ऐकू आलं नाही. माझं नाव घेतलं का हो त्यांनी?"

तोंडात मारली असती तरी परवडलं असतं. त्याने मान खाली घालून सांगितलं, की तो तिथे नव्हता. त्याने ती गोष्ट एका फोटोवाल्याकडून विकत घेतली होती.

फोटोवाला म्हटल्याबरोबर तिने हात सोडले. तिला सगळं आठवलं. नवरा गेल्यानंतर त्याच महिन्यात ती त्या माणसाकडे गेली होती, मला आणि पोरीला कुठेतरी पोचवा म्हणून. त्याने चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं. स्वतःचे डोळेही पुसले. पण पैशाशिवाय काही जमणार नाही म्हणाला. "माझं ऐकून लिहून घेणारा तो एकटाच भेटला होता," ती म्हणाली. "मी घरी जाऊन त्याला आशीर्वाद दिले होते."

बराच वेळ ती टेबलाच्या स्क्रूकडे बघत राहिली. शिव्या देईल, थुंकेल, केस ओढेल, म्हणून तो वाट बघत होता. तिने तसं केलं असतं तर त्याला सुटल्यासारखं झालं असतं.

"मिळाले का तुम्हाला कागद?" तिने विचारलं.

"मिळाले."

"घरी कोण असतं?"

"बायको. मुलगी आहे एक, नऊ वर्षांची."

"शाळेत जाते?"

"जाते."

"असू दे," ती म्हणाली. "पोटासाठी केलंत. तुमच्या हातून काही माझा माणूस मेला नाही. पण आता आत येतील त्या बाई, तेव्हा एवढं सांगा, की ती गोष्ट माझी आहे. बाकी काही नको."

तेवढ्यात अधिकारीबाई आल्याच. खुर्ची ओढून बसल्या आणि शेवटचा ठरलेला प्रश्न त्यांनी विचारला, की निर्णय देण्याआधी आणखी काही सांगायचं आहे का. त्याने तो बाईला विचारला.

बाई ताठ बसली. अधिकारीबाईंच्या डोळ्यांत बघत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली, म्हणजे भाषांतर करताना त्याची धांदल होऊ नये.

"हे भाऊ त्या एकोणिसांतले एक आहेत. ही गोष्ट माझ्या घरातली आहे. फोटोवाल्याने ती माझ्याकडून घेतली आणि यांना विकली. यांनाच विचारा, हे सांगतील. पण यांना काही करू नका, बाई. यांची मुलगी लहान आहे, शाळेत जाते. यांनी कोणाचं वाईट केलेलं नाही."

मग तिने त्याच्याकडे बघून मान हलवली. सांगा.

त्याने तोंड उघडलं. तिची ती सात वाक्यं त्याला त्या परक्या भाषेत लखलखीत तयार दिसत होती. तो ती बोलणारही होता, यावर माझा विश्वास आहे. पण पहिल्याच शब्दापाशी त्याला घरचं दार दिसलं, दाराशी असाच एक पहारेकरी दिसला, आणि बायको मुलीचे कपडे पिशवीत भरताना दिसली. मुलीला तिकडची भाषा धड बोलतासुद्धा येत नव्हती.

"मला आणखी काही सांगायचं नाही," तो म्हणाला.

अधिकारीबाईंनी वर बघितलं. "एवढं बोलल्या आणि एवढंच?"

"मघाचंच पुन्हा सांगतायत."

पहिलं खोटं बोलताना त्याच्या जिवावर आलं होतं. दुसरं बोलताना काहीच वाटलं नाही. अधिकारीबाईंनी मान हलवली. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर त्यांनी उलट विचारलंही असतं, पण याच्या शब्दावर त्यांनी सहा वर्षांत कधी शंका घेतली नव्हती. त्यांनी कागद गोळा केले, निर्णय तासाभरात मिळेल म्हणाल्या आणि दोघांना बाहेर बसायला सांगितलं.

बाहेरच्या बोळात भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. दुभाषा पाय उचलून जिन्याकडे निघाला होता. बाईने त्याला बाहीला धरून थांबवलं.

"बाईंनी मान हलवली, मी बघितलं," ती म्हणाली. "रागावल्या नाहीत ना?"

"नाही."

"मला त्यांचीच भीती वाटत होती. तुमचं नाव घेतलं मी, दुसरा इलाजच नव्हता." तिचे डोळे भरून आले. "तुमच्या घरावर नाही ना काही येणार, भाऊ? मुलीला काही नाही ना होणार?"

"नाही होणार, ताई."

"नक्की?"

"नक्की."

"मग बरं," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून निकालाची वाट बघत खुर्चीवर बसली.