माझ्या शेपटाचं लिंबू

मित्रांनो, मी एक जुनं, ठिकठिकाणी चिकटवलेलं आणि खरं सांगायचं तर पुरतं वैतागलेलं विमान आहे. माणसं ज्यात बसतात ते नव्हे. मी फोमच्या शीटचा, बॅटरीवर चालणारा, खालून रिमोटने उडवला जाणारा. हवेत कोलांट्या मारायच्या, उलटं उडायचं, गिरक्या घ्यायच्या, हे माझं काम. सध्या बदलापूरजवळच्या सोनिवलीत जयदेवभाऊंच्या घरात भिंतीवरच्या खिळ्याला मी टांगलेला आहे. समोर टीव्ही आहे आणि त्यावर दिवसभर कुणी ना कुणी रडत असतं. असो.

मला प्रगतीने बनवलं. प्रगती ही जयदेवभाऊंची मुलगी. डिप्लोमा करून ती अंबरनाथ एमआयडीसीत नोकरीला लागली होती आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या मागे लागायची. तिने फोमशीट कापून पंख केले, ते वाकू नयेत म्हणून त्यांच्या पोटात कार्बनची काडी बसवली, चाकांना तारेचे पाय दिले. माझं शेपूट तिने तीन वेळा तासलं. का? तर ते हलकं व्हावं म्हणून. डिंकसुद्धा ती काडीच्या टोकाने लावायची. जास्त डिंक म्हणजे जास्त वजन, आणि वजन हा माझा जन्माचा वैरी.

पहिल्यांदा बॅटरी जोडली तेव्हा माझा पंखा उलटा फिरला आणि मी टेबलावरून मागे सरकत थेट पिठाच्या डब्यावर आदळलो. प्रगती हसली, मोटरच्या तीन वायरींपैकी दोन अदलून बदलून लावल्या, आणि मी पुढे धावलो. त्या दिवशी मला वाटलं, चला, आता आपले दिवस आले.

कसले दिवस! या घरात मोकळी वस्तू कुणाला बघवतच नाही. जयदेवभाऊ घरात शिरले की हेल्मेट माझ्या पंखावर ठेवायचे. प्रगतीची आई कमळाबाई माझ्या शेपटावर ओला रुमाल वाळत घालायची. उल्हासनगरला नवी मोटर घ्यायला गेलो तर तिथले दुकानदार हरेशशेठ मला उलटासुलटा करून म्हणाले, "बेटी, हे लायटिंगची पट्टी लाव ना पंखाला. फुकट देतो. रात को क्या दिखेगा, एकदम शादी का घोडा!" प्रगतीने हात जोडले आणि पट्टी परत केली. मग जयदेवभाऊंना सुचलं, पंखावर आपल्या रेती-विटांच्या धंद्याचा बोर्ड लावावा. चांगला जाड रेक्झिनचा. प्रगतीने तोही परतवला. ज्याला त्याला माझ्यावर काहीतरी चढवायचंच होतं. मी विमान आहे की खुंटी?

आता मित्रांनो, एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरच आहे. माझ्या पंखांखाली प्रगतीने दोन लाल ठिपके काढले आहेत. तिथे एकेक बोट लावून मला उचललं की मी सरळ, आडवा राहिलो पाहिजे. नाक थोडं जड असलं तर मी कुरकुरत का होईना उडतो. पण शेपूट जड झालं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. नाक वर करतो, भेलकांडतो आणि आपटतो. म्हणून प्रगती उडवण्याआधी मला दोन बोटांवर तोलायची, आणि बॅटरी नखभर पुढे-मागे सरकवून माझा तोल साधायची. इतकी साधी गोष्ट आहे. पण सांगायची कुणाला?

त्या वर्षी नाशिकच्या एका ड्रोन बनवणाऱ्या कंपनीने प्रगतीला नोकरी देऊ केली. तिने घरी सांगितलं तेव्हा मी कपाटावर होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"ही खेळणी बनवाला घर सोडाचं?" जयदेवभाऊ म्हणाले.

"खेळणं नाय ते, बाबा."

"नाय ना? मंग दसऱ्याला उडव. गावासमोर. आन् न मोडता खाली आण. आणलंस तं जा नाशकाला. मोडलं तं हितलीच नोकरी कर, परत नाव काढाचं नाय."

प्रगतीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चालंल."  कमळाबाई भाकरी थापत होती, ती जरा जोरात थापू लागली एवढंच.

म्हणजे बघा, पोरीचं नाशिक कुणाच्या खांद्यावर? तर या फोमच्या तुकड्याच्या! त्यानंतर ती दर रविवारी मला घेऊन नव्या सोसायटीच्या सिमेंटच्या रस्त्यावर यायची. तो रस्ता अजून वाहनांसाठी खुला झाला नव्हता. दोन्ही बाजूंना भाताची शेतं होती. मी दोनदा आपटलो, नाक मोडलं, चिकटवलं. पण तिचा हात बसला. कोलांटी साधली. उलटं उडणं साधलं. अलगद उतरणंही साधलं.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तिने मला शेवटचं तोललं. मी दोन बोटांवर असा सरळ राहिलो की माझी मलाच दृष्ट लागावी. म्हणतात ना, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. माझं तसंच झालं.

दसऱ्याला या घरी वाहनांची पूजा असते. अंगणात टेम्पो धुऊन उभा, त्याच्या शेजारी मोटारसायकल, तिच्या शेजारी स्कूटर, आणि ओळीच्या शेवटी मी. कमळाबाई ताट घेऊन आली. टेम्पोला हळद-कुंकू, मला हळद-कुंकू. टेम्पोवर अक्षता, माझ्यावर अक्षता. त्यातल्या काही थेट मोटरीत गेल्या. टेम्पोच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि जयदेवभाऊंनी टेम्पो पुढे घेऊन ते चिरडलं. मग माझ्या चाकाखालीही लिंबू ठेवलं! माझं चाक लिंबाहून लहान. मी एका बाजूला कलंडलो आणि सगळं अंगण हसलं. प्रगतीने मला सरळ केलं आणि टाचणीने मोटरीतला एकेक तांदूळ काढत बसली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण कमळाबाईने ताटातून लिंबू-मिरची उचलली. काळ्या दोऱ्यात ओवलेली. टेम्पोला ती पुढे बांधली. माझ्यापाशी आली, माझा पंखा पाहिला आणि तिने डोकं चालवलं.

"पुढं नको. पंख्यात चिरून जाईल," असं म्हणून तिने ती माझ्या शेपटाला बांधली.

शेपटाला! जे शेपूट हलकं व्हावं म्हणून पोरीने तीन वेळा तासलं, त्याला अख्खं लिंबू आणि मिरच्या!

"आये, काढ ते. तोल जाईल त्याचा," प्रगती म्हणाली.

कमळाबाईचा चेहरा पडला. "सगळा गाव बघणार हाय, बाय. कुणाची नजर कशी, मना काय ठाव? तुजा टेम्पो असता तं त्याला नाय बांधली असती का मी?" तिच्यासाठी मी टेम्पोच होतो. तिने खालचा ओठ दातांत धरला होता आणि ती दोऱ्याची गाठ पुन्हा घट्ट करत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोरगी नाशिकला जावी असं या घरात आणखी एका माणसाला वाटत होतं.

प्रगतीच्याही लक्षात आलं असावं. तिने लिंबू काढलं नाही. फक्त म्हणाली, "बारकं बांध मंग." कमळाबाईने ताटातलं सगळ्यात बारकं लिंबू निवडलं. मग प्रगतीने मला दोन बोटांवर उचललं. मी धाडकन मागे झुकलो. तिने माझी बॅटरी पुढे सरकवली, आणखी पुढे, पार नाकाला टेकेपर्यंत, तेव्हा कुठे मी सरळ झालो. मी आतून नुसता धुमसत होतो. महिनोन् महिने वजन वाचवायचं ते कशासाठी? मिरच्या वाहून न्यायला?

चार वाजता आम्ही सिमेंटच्या रस्त्यावर पोचलो. अर्धा गाव आलेला. प्रगतीने सगळ्यांना कडेला उभं केलं, मी धावलो आणि उठलो. मित्रांनो, कितीही चिडलो असलो तरी हे कबूल करतो, तो भात वरून पिवळा-हिरवा दिसत होता आणि मला फार बरं वाटलं. मी गिरकी घेतली. मी उलटा उडालो. खालून शिट्ट्या आल्या. आणि शिट्ट्यांबरोबर माणसंही आली. प्रत्येकाला मोबाईलवर मला जवळून टिपायचं होतं. कडेची माणसं हळूहळू रस्त्यावर आली, आणि बघता बघता रस्ता भरून गेला.

आता उतरायचं कुठे? शेतात चिखल, त्यात पडलो तर मोडणारच, शिवाय लोकांचा हातातोंडाशी आलेला भात तुडवला जाणार. रस्त्यावर पोरंबाळं, आणि माझा पंखा बोट कापतो.

"बाजूला व्हा! उतरवाचंय!" प्रगती ओरडली. कुणीही हललं नाही. उलट एकाने तिलाच सांगितलं, "अजून एक पल्टी मार ना!" जयदेवभाऊ हात हलवत सगळ्यांना हाकलत होते, आणि स्वतः रस्त्याच्या मधोमध उभे होते.

माझी बॅटरी उतरत चालली होती. मोटरीचा आवाज बारीक झाला. प्रगतीच्या हातातला रिमोट पिं पिं करू लागला. मी रस्त्याच्या वरून एक फेरी मारली, दुसरी मारली. प्रगतीचा आवाज आता रडवेला झाला होता. मला वाटलं, संपलं. पोरीचं नाशिक गेलं, आणि तेही मोबाईलच्या पायी.

गर्दीपासून उंची मिळवायला तिने मला जोरात वर खेचलं. तो झटका शेपटाला बसला आणि काळा दोरा तुटला. लिंबू-मिरची सुटली आणि रस्त्याच्या मधोमध, जयदेवभाऊंच्या पायापासून जेमतेम दोन पावलांच्या अंतरावर, टप्पकन पडली.

 मग कुणीतरी ओरडलं, "लिंबू पडलं रे! ओलांडू नका!"

मित्रांनो, पोलिसांनी काठी उगारली असती तरी एवढी पांगापांग झाली नसती. आयांनी पोरांना काखोटीला मारलं. मोबाईल खिशात गेले. जयदेवभाऊ तर उडी मारून कडेला गेले. ज्या रस्त्यावर मुंगीला जागा नव्हती तो या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा झाला.

पण शेपटाचं लिंबू गेलं आणि बॅटरी मात्र नाकातच! माझं नाक आता खाली खाली जात होतं. प्रगतीने शेपटाची झडप वर ओढून धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. चाकं टेकली. नाक वाकलं, पंख्याचं टोक सिमेंटला खर्रकन घासलं, आणि मी थांबलो. लिंबाच्या अलीकडे.

सगळा गाव दोन्ही कडांना. मधे मी आणि ते लिंबू. मला उचलायला कुणी पुढे येईना. जयदेवभाऊही येईनात. तेव्हा कमळाबाई पदर खोचून तरातरा आली. तिने ते लिंबू उघड्या हाताने उचललं.

"माजंच हाय. मना काय खातंय?" असं म्हणून तिने मला दुसऱ्या हातात घेतलं आणि नवऱ्यापुढे धरलं. "बगा. मोडलंय का?"

जयदेवभाऊंनी मला फिरवून फिरवून पाहिलं. पंख्यावरून अंगठा फिरवला. "हितं टवका उडालाय," ते म्हणाले.

"तुमच्या टेम्पोला किती टवके हाईत? तो मोडलाय का?"

लोक हसले. जयदेवभाऊ हसले नाहीत. बराच वेळ पंख्याचा तो टवका चोळत राहिले. मग प्रगतीकडे न बघताच म्हणाले, "बॅग नवी घेऊ. जुनीची चेन तुटलेय."

प्रगती दिवाळीनंतर गेली. जाण्याआधी तिने माझी बॅटरी काढून वेगळी ठेवली, आईला ते दोन लाल ठिपके दाखवले आणि बोटं कशी लावायची ते शिकवलं. नंतर मी या खिळ्यावर आलो. माझ्यावर धूळ बसते. परवा कुणीतरी माझ्या पंखाला छत्री अडकवली होती. कुणी मला उडवत नाही. राग येतो, मित्रांनो, फार राग येतो.

शनिवारी मात्र कमळाबाई टेम्पोचं लिंबू बदलते आणि एक माझ्यासाठी घेऊन येते. पहिल्या शनिवारी ती पुन्हा शेपटाकडेच गेली. मी म्हटलं, झालं, हिला समजणं शक्य नाही! तिने दोरा बांधला, मला खाली काढलं आणि ठिपक्यांवर बोटं लावून उचललं. नाकातली बॅटरी नाही, वर शेपटाला लिंबू. मी धाडकन मागे झुकलो. ती थांबली. तिने लिंबू सोडलं आणि मला पुन्हा उचललं. तरीही मी मागेच झुकलो. मग तिने तेच लिंबू माझ्या नाकाला, पंख्याच्या मागे बांधलं, आणि मी तिच्या दोन बोटांवर सरळ उभा राहिलो.

तेव्हापासून दर शनिवारी हेच चालतं. तर मित्रांनो, आपल्या माणसाला काहीही बांधा, कुणी अडवत नाही. पण बांधल्यावर एकदा दोन बोटांवर उचलून पाहा, त्याचा तोल जातोय का. एवढंच माझं मागणं आहे.

लिंबाचा रस माझ्या फोमला चिकटतो, मिरचीचा वास नाकात जातो, आणि मी अजूनही चिडतो. कमळाबाईला त्याचं काही नाही. ती मला तशीच तोलून धरते, टीव्हीचा आवाज कमी करते, आणि माझ्याकडे बघत हळूच म्हणते, "तिकडं नीट ऱ्हा गं, बाय."