दोन हात चार बोटं

"मावशी, साडीला ग्रीस लागंल," असं ज्ञानेश्वरी म्हणेपर्यंत चांगुणा निम्मी ट्रॅक्टरखाली शिरली होती.

अकोले गावातल्या त्या शोरूममध्ये गिऱ्हाईकं ट्रॅक्टरभोवती फिरतात, टायरला लाथ मारून बघतात, शीटवर बसून फोटो काढतात. बैलाचा कासरा घेऊन मापं काढणारं गिऱ्हाईक ज्ञानेश्वरीने दोन वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. चांगुणाने कासऱ्याचं एक टोक मागच्या डाव्या चाकाच्या बाहेरच्या कडेला दाबून धरलं आणि बाकीचा कासरा ज्ञानेश्वरीच्या हातात दिला.

"त्या अंगाला जा. ताणून धर. गाठ कुठं येती ते सांग."

गाठ उजव्या चाकाच्या बाहेर दोन बोटं आली.

"बसला की," ज्ञानेश्वरी खूश होऊन म्हणाली. "हा अठ्ठावीस एचपीचा आरामात बसतोय तुमच्या गाठीत. आता टायर बघायचे का?"

चांगुणाला हायसं वाटायला हवं होतं. ती उठली, हात पदराला पुसले, दारापर्यंत जाऊन रस्ता बघून आली. तिच्यासाठी मागवलेला चहा टेबलावर गार होत होता. सकाळी सातच्या जीपने ती गावातून निघाली होती, भंडारदऱ्याच्या अलीकडच्या डोंगरातून, आणि तेव्हापासून तिचं मन एका जागी बसत नव्हतं. पैशाचा प्रश्न नव्हता, तो बचत गटाने आणि सबसिडीने सोडवला होता. चालवायचं कसं हेही गटाच्या शिबिरात चार दिवसांत शिकून झालं होतं. गावातल्या पोरांनी हसून घेतलं, पण शेवटच्या दिवशी तिने ट्रॉली उलटी मागे घेऊन दाखवली तेव्हा त्यांची हसायची हौस फिटली. एवढं सगळं जमल्यावर आता आपण सारखं दाराशी का जातोय, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

फोन वाजला. घरून भागवत. सकाळपासूनचा पाचवा.

"गाठीत बसला का?"

"अठ्ठावीसचा बसतोय."

"मग त्योच घे. जड हाय, रुंद हाय, उतरनीला उलथायचा न्हाई. अजिनाथचं काय झालं ते म्या डोळ्यानं पाह्यलंय."

शेजारच्या अजिनाथने गेल्या पावसाळ्यात छोटा अरुंद ट्रॅक्टर बांधावर चढवला होता. ट्रॅक्टर एका अंगावर आला आणि अजिनाथचा पाय खाली सापडला. पाय वाचला, पण त्यानंतर अजिनाथ शीटवर बसला नाही.

"बरं," चांगुणा म्हणाली. "जेवलात का?"

"जेवतो. तू आदी बुक कर."

भागवत दीड वर्षापूर्वी हिरडा झोडायला झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. खुब्याचं हाड जुळलं, पण आखूड जुळलं. तेव्हापासून तो काठीवर होता. त्या पोळ्यानंतर बैलही विकले गेले. वरच्या रानात वीसेक हिरडे, त्यांच्यामध्ये नाचणी-वरईचे तुकडे आणि अगदी माथ्याला भाताची चार खाचरं, ते सगळं तसंच पडून होतं. घाणेरीने बांध गिळले होते. आणखी एक पावसाळा असाच गेला असता तर खाचरं फुटून ओढ्याला मिळाली असती, आणि मग ते रान फक्त सात-बाऱ्यावर उरलं असतं. म्हणून ट्रॅक्टर हवा होता. आणि वर जायला वाट एकच होती, कडूच्या आंब्याची. वाटेच्या एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला आंबा, आंब्याच्या पलीकडे ओढ्याचा कडा. निघताना भागवतने सर्जा बैलाचा कासरा तिच्या पिशवीत टाकला होता. "वाटंचं माप घेऊन गाठ मारलीया. गाठीत बसंल त्योच आनायचा," एवढंच तो म्हणाला होता.

ज्ञानेश्वरीने टायर दाखवले. एक उंच खाचांचा, भाताच्या चिखलासाठी. चांगुणाने त्याच्या खाचांकडे पाहिलंच नाही, टायरची बगल अंगठ्याने दाबली.

"चिखुल आमच्याकडं महिनाभर. बाकी अकरा महिने खोडकी आनी करवंदीची मुळं. हे इथनं फाटंल."

"मग आठ प्लायचा घ्या. बगल जाड येते त्याची," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिचा सूर आता जरा बदलला होता. "आणि मागे रोटाव्हेटर लावायचा ना?"

"लगेच न्हाई. मुळ्या गुंडाळून बसंल त्यो. आदी पाच फनांचा कल्टिव्हेटर दे. फनानं मुळ्या वर काढायच्या, येचायच्या, मग रोटाव्हेटर." बोलता बोलता चांगुणा कासरा गुंडाळत होती. बाईमाणसाला दोरी गुंडाळायची सवय असते ती कोपर आणि पंजाभोवती. एक वेढा घालता घालता ती थांबली. कासरा सोडून तिने त्याचं टोक कोपराला लावलं आणि मधल्या बोटापर्यंत मोजलं. एक हात. दोन. तीन.

गाठ बरोबर तीन हातांवर होती.

ती कल्टिव्हेटरच्या लोखंडी पट्टीवर बसली.

भागवत पडला त्या दिवशी चौघांनी त्याला बाजेवर घालून खाली आणलं होतं. बाज दोन हात रुंद, तिच्याच घरातली, रोज अंग टाकायची. त्या वाटेत बाज अशी घासली होती की एका बाजूने कातळ लागला आणि दुसऱ्या बाजूने आंब्याची साल निघाली. भागवत कण्हत होता आणि तरी म्हणाला होता, "झाडाला संबाळा." दुसऱ्या दिवशी तिने त्या सालपटलेल्या जागी शेणमाती लिंपली तेव्हा बाजेच्या रुंदीवर फक्त चार बोटं जागा आहे हे तिने स्वतः बघितलं होतं. दोन हात चार बोटं. तीन हात तिथे कुठून येणार?

भागवत बाजारहाटात फसायचा, बोलण्यात चुकायचा, पण मापात त्याची कधी चूक झाली नव्हती. गावातल्या बैलांची जुवं तो नजरेच्या मापाने तासायचा. म्हणजे ही चूक नव्हती. गाठ खोटी होती, आणि ती खोटी का होती हे कळायला चांगुणाला फार वेळ लागला नाही. तीन हातांचा ट्रॅक्टर दारात आला की आंबा पाडावाच लागणार. मग पाडायचा की नाही, हे तिला कुणी विचारायला नको आणि तिने होकारही द्यायला नको. सगळं तो आपल्या अंगावर घेणार होता.

तिला भयंकर राग आला. राग पुरता वर यायच्या आत डोळे भरून आले, त्याचाही राग आला.

तो आंबा भागवतने लावला होता. पहिलं मूल दोन दिवसांचं होऊन गेलं, म्हणून दुसऱ्या मुलीचं नाव त्यांनी कडू ठेवलं, कडूबाई, म्हणजे कुणाची नजर जायला नको, मरणालाही नको वाटावी. ती सहा महिने राहिली. लहान लेकराला पुरतात तसं तिला वाटेच्या कडेला पुरलं आणि वर कोय लावली. त्यानंतर चांगुणाची कूस भरली नाही. तेव्हा त्या वाटेने बैलगाडी जायची. आंबा वाढत गेला तशी वाट आवळत गेली. आधी गाडी बंद झाली, मग जोडी जुंपून नेता येईना, एकेक बैल सोडून न्यावा लागायचा. झाडाबद्दल दोघांपैकी कुणी चकार शब्द काढला नव्हता. एकतीस वर्षं.

"मावशी, बुकिंग करू ना?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"थांब जरा," म्हणून चांगुणा उठली आणि मागच्या वर्कशॉपात गेली. तिथे वैजनाथ नावाचा पन्नाशीचा मेकॅनिक इंजिनात डोकं घालून उभा होता.

"भाऊ, आमच्या वाटंत येका अंगाला कातळ, येका अंगाला आंबा. दोन हात चार बोटांतनं जाईल आनी चढावर उलथनार न्हाई, आसा ट्रॅक्टर हाय का?"

वैजनाथने मान बाहेर काढून तिच्याकडे, मग कासऱ्याकडे पाहिलं. "आसा अजून कुनी केला न्हाई, ताई. अरुंद म्हनलं की उलथायची भीती आलीच." त्याने कोपऱ्यातल्या सगळ्यात लहान ट्रॅक्टरकडे बोट केलं. "ह्यो जाईल तुमच्या वाटंतनं. दोन हात भरंल. ह्याची मागली चाकं उलटी फिरवून बसवली की दोन्ही अंगांनी चार-चार बोटं रुंद व्हतो. मग चढाला बी बरा चालतो. पन मग वाटंत मावनार न्हाई."

"वाट वलांडल्यावर फिरवली तर?"

वैजनाथ हसला. "दर येळंला? जॅक लावा, नट खोला, चाक उचला, दोगांचा तासभर जातो."

"वाटंच्या म्होरं सपाट खाचर हाय. सालातनं दोन डाव वर न्यायचा, दोन डाव खाली आनायचा. चारच तास झाले."

"चार तासांसाठी लोकं झाड पाडत्यात, ताई."

"पाडत असतील. नट किती?"

"येका चाकाला सहा."

"बसून खोलता येतील?"

"दगडावर बसून येतात की. हातात जोर पायजे."

"हातात हाय," चांगुणा म्हणाली. "पायात न्हाई."

वैजनाथने हात पुसले आणि कासऱ्याचं दुसरं टोक स्वतः धरलं. लहान ट्रॅक्टर कोपराने मोजला तर बरोबर दोन हात भरला. ज्ञानेश्वरी जरा हिरमुसली, पण तिने आठ प्लायचे टायर आणि पाच फणी कल्टिव्हेटर लिहून घेतला. निघताना चांगुणाने नटाचा पाना मागितला. "ट्रॅक्टरबरोबर येईल ना सगळं," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आजच पायजे," चांगुणा म्हणाली. वैजनाथने आपल्या पेटीतला एक जुना काढून दिला. भागवतचे तीन फोन तिने उचलले नाहीत.

ती गावात उतरली तेव्हा उन्हं कलली होती. घराला कडी होती. काठीवरचा माणूस कुठे गेला असेल याचा तिला विचार करावा लागला नाही. पिशवी न ठेवताच ती चढ चढली. भागवत वाटेतल्या कातळाला टेकून बसला होता. काठी एका बाजूला, कुऱ्हाड दुसऱ्या बाजूला. कुऱ्हाडीला ताजी धार लावलेली होती. झाडाला मात्र हात लागला नव्हता.

"फोन का उचलत न्हाईस? कोनचा घेतला?"

"ल्हानगा."

"म्या काय सांगितलं हुतं? गाठीत..."

"तुमची गाठ खोटी हाय."

भागवतने मान खाली घातली. तो म्हणाला, "ती गेली ती गेली, चांगुणे. शीटवर तू बसनार. तुला काय झालं तर म्या कुनाकडं बगू?"

चांगुणा त्याच्या शेजारी बसली. चाकं फिरवायची कशी, सपाट खाचरात जॅक कुठे लावायचा, सहा आणि सहा बारा नट कसे खोलायचे, सगळं तिने सांगितलं आणि पाना त्याच्या मांडीवर ठेवला. भागवतने तो उचलला, वजन बघितलं, हवेतच एक नट पिळल्यासारखा फिरवला.

"बसून करायचं?"

"दगडावर बसून."

"मग जमंल," तो म्हणाला. दीड वर्षात हा शब्द त्याच्या तोंडून चांगुणाने ऐकला नव्हता.

त्याने कासरा मागून घेतला आणि तीन हातांवरची गाठ नखांनी सोडली. मग चांगुणाने एक टोक कातळाला लावलं आणि तो काठी टेकत आंब्यापाशी गेला. कासरा खोडाला टेकवून त्याने चिमटीत धरला. चांगुणाने कोपर लावून मोजलं. दोन हात, आणि वर बोटं ठेवली तर तीनच बसली. तिने पुन्हा ठेवून बघितली.

"तीन," ती म्हणाली. "येक बोट कमी झालं."

भागवतने खोडावरून हात फिरवला. बाजेने साल काढली होती ती जागा भरून आली होती.

"वाढतीय," तो म्हणाला. "तीन बोटं म्हंजी आजून चार-पाच सालं."

"तवर आपुन बी थकू."

"पुढल्या साली परत मोजावं लागंल."

"मोजू की."

भागवतने कासऱ्याला दोन हात तीन बोटांवर गाठ मारली. सोडायला सोपी जावी म्हणून ती त्याने सैलच ठेवली.