डोक्यावरचे टाके

दिवाळीच्या सुट्टीत प्रणिता मेडिकल कॉलेजातून नांदूरघाटला आली, ती रेक्झिनची एक कुलूपबंद बॅग घेऊनच. चहासुद्धा न घेता आधी तिनं ती पलंगाखाली ढकलली. शिवगंगाबाईंच्या डोळ्यांत ते कुलूप खुपलं. लेकीला आईपासून लपवायचं असं काय असतं? एखाद्या पोराचे फोटो, दुसरं काय! पोरगी मैत्रिणीला फोन लावायला एसटीडी बूथवर गेली, तशी बाईंनी तिच्या पर्समधून किल्ली काढली.

फोटो परवडले असते. आत बरगड्या होत्या, नायलॉनच्या दोरीत ओवलेले पाठीचे मणके होते आणि टॉवेलात गुंडाळलेली कवटी. कवटीवर वेडेवाकडे टाके!

बाईंनी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. जीप उलटली तेव्हा त्यांच्या नवऱ्याच्या, गुंडप्पांच्या डोक्याला असेच टाके घातले होते. तरी ते वाचले नाहीतच. लिंगायतांच्या रीतीनं त्यांना बसवून माती दिली होती. यंदाच्या पावसाळ्यात तिथली माती खचली होती; कुणी उकरलं तर नसेल ना, हा किडा तेव्हापासून बाईंच्या डोक्यात वळवळत होता. मेडिकलची पोरं हाडं आणतात तरी कुठून, हे कधी कुणी धड सांगतं का?

प्रणिता परतली तेव्हा कवटी आईच्या मांडीवर होती.

"तुह्या बापाला इकत आणलंस का गं?"

"आई! काय बोलतीस?"

"हे टाके मला वळखू येत न्हाईत व्हय?"

पोरगी चक्क हसली. हसायची वेळ होती का ती! "अगं, टाके कातड्याला घालतेत. ही हाडांची शिवण हाय, समद्यांच्या डोक्याला असती. वय वाढलं की बुजत जाती. बाबा साठीचे व्हते. ही बघ, किती उघडी हाय. अन् भुवईचं हाड लई नाजूक. बाई असंल. मह्याएवढीच."

"मंग आली कुठून?"

"सीनियरकडून घेतली. त्याच्या आधीचं कुणाला ठाऊक!"

शिवगंगाबाईंच्या जिवात जीव आला. हे ते नव्हेत! त्यांनी डोळे पुसले, हात जोडले. तेवढ्यात प्रणितानं डोळ्याच्या खोबणीत बोट अडकवून कवटी उचलली, कॉलेजात सगळेच उचलतात तशी.

बाईंनी तिच्या हातावर फाडकन चापट मारली.

"नीट धर की! कुणाची तरी लेक हाय ती."