एक जण अजून आत आहे

"साहेब, एक जण अजून आत हाय."

गोवर्धन साहेबांचा अडकित्ता थांबला. "कोठी? सर्व्हरच्या खोलीत? तिले त मी आत्ताच कुलूप लावलं."

"खोलीत नाई जी. सर्व्हरमदे. कोनीतरी लॉगिन करून बसलं हाय."

"मंग काढ ना त्याले बाहेर! पुन्याचे लोक साडेदहाले फोन करतीन." सुपारीचं खांड तोंडात टाकून साहेब चहाला निघून गेले.

अकोल्याच्या त्या शेती सल्ला मंडळात ज्योत्स्ना गवई सात वर्षांपासून संगणक सांभाळत होती. बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीनं यायचं, संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. चार वर्षांपूर्वी हा सर्व्हर तिनंच बसवला होता. त्याआधी मंडळाच्या माणसाला हवामानाचा पासवर्ड वेगळा, बियाण्यांच्या नोंदींचा वेगळा, शेतकऱ्यांना मोबाइलवर संदेश पाठवायचा तिसराच. हा सर्व्हर आला आणि एकदाच नाव-पासवर्ड टाकला की सगळी दारं उघडू लागली. काळ्या पडद्यावर एकेक आदेश टाइप करत, चुकत, पुन्हा टाइप करत तिनं तीन दिवस घालवले होते. आता मंडळ पुण्याची नवी व्यवस्था घेणार होतं आणि जिनं बसवला तिनंच तो काढायचा होता.

काढायलाही रीत असते. आधी प्रत्येक दारावर बसवलेला पहारेकरी प्रोग्राम उतरवायचा, आत कुणी नाही ना ते बघायचं, मग मूळ सर्व्हर थांबवून काढून टाकायचा. हवामानाचा पहारेकरी उतरला, बियाण्यांचा उतरला. संदेशांचा तेवढा राहिला होता, आणि नेमकं त्याच दाराआड कुणीतरी बसलेलं होतं.

तिनं नाव विचारणारा आदेश दिला. पडद्यावर एक ओळ उमटली: शालिकराम इंगोले, अंजनगाव सुर्जी केंद्र.



शालिकरामभाऊंना जाऊन चौदा महिने झाले होते. दर्यापूरच्या रस्त्यावर त्यांची मोटरसायकल ट्रॅक्टरवर आदळली होती. ती स्वतः मयतीला गेली होती. त्यांच्या बायकोचे, इंदूबाईंचे, गार पडलेले हात तिनं हातात धरले होते. तिनं तोच आदेश पुन्हा दिला. तेच नाव. आजची तारीख, सकाळी दहा वाजून बावीस मिनिटं.

मग तिनं जुन्या नोंदी उघडल्या. काल होते. परवा होते. ती वर वर सरकवत गेली. पोळ्याला होते, दिवाळीला होते. मयतीनंतर फक्त तीन दिवस रिकामे, आणि चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता शालिकराम इंगोले हजर. तेव्हापासून एक दिवस खाडा नाही.

त्यांचं खातं बंद करणं तिचंच काम होतं. पण केंद्रप्रमुखाचं पत्र आल्याशिवाय खातं बंद करायचं नाही, असा नियम होता. आणि अंजनगावचे केंद्रप्रमुख शालिकरामभाऊच होते. पत्र येणार कुठून? चौदा महिन्यांत आपल्याला एकदाही त्या नावाची आठवण होऊ नये, याचीच तिला लाज वाटली.

तिनं अंजनगावला फोन लावला. पलीकडून केंद्राचे चौकीदार अब्दुल गफ्फार बोलले. वय साठीला टेकलेलं, आवाज तसाच खणखणीत.

"चाचा, शालिकरामभाऊच्या नावानं कोन बसलं हाय कम्प्युटरवर?"



"मीच हाव, ताई."

"तुमी? पासवर्ड कोनं देल्ला तुमाले?"

"तुमीच त देल्ला होता त्याईले, पयल्या दिवशी. मंग बदलवा म्हनून सांगतलं होतं. त्याईनं बदलवलाच नाई. ते सकाई येईपर्यंत मीच मशीन चालू करून ठेवत जाओ."



"काहून केलं चाचा असं? मेलेल्या मानसाच्या नावानं? उद्या कोनी चौकशी लावली त?"

"त्याईच्या मागं तीन दिवस मेसेज गेला नाई ना, ताई. तिसऱ्याच दिवशी जानराव धाबेचा पोरगा भर वाऱ्यात औषध फवाराले गेला आन वावरातच पडला. वाचला, पन डोयाची नजर गेली. त्याचा बाप इथं आला, मले म्हने, रोज सांगत होते, आता काहून नाई सांगतलं? मी काय जवाब देऊ? भाऊ मेले म्हनून? मयतीले तोई होता."

"मंग तुमी काय लिहिता?"

"औषधाचं काईच नाई लिहित. ते आपलं काम नोहे. सकाई रेडिओ ऐकतो, बाहेर निंगून वारा पाह्यतो. वारा असन त फवारू नका, तोंडाले फडकं बांदा, उपाशी पोटी जाऊ नका. बस, एवढंच. आज लाइट उशिरा आली, म्हनून आता लिहून राहिलो."

"लोकायले मालूम हाय, भाऊ नाईत म्हनून?"

"सगळ्यायले मालूम हाय. फक्त तुमच्या हापिसाले नाई."

साहेब परत आले तेव्हा रिसीव्हर हातात धरून ती तशीच बसली होती.

"झालं का?"

"साहेब, अंजनगावहून रोज संदेश जाऊन राहिले."

"अंजनगाव?" साहेब हसले. "ते केंद्र मार्चपासून यादीतच नाई. नव्या व्यवस्थेत त नावच नाई त्याचं. काईतरी अटकलं असन तुह्या मशीनमदे. काढून टाक."

एकोणीसशे माणसं रोज तो संदेश वाचत होती. ज्या साहेबांच्या खुर्चीमागं अंजनगाव केंद्राचा नकाशा अजून टांगलेला होता, त्यांना ते अडकलेलं काहीतरी वाटत होतं. आपण मघाशी उगाच चौकशीला भ्यायलो, हे तिच्या ध्यानात आलं. चौकशी करायला कुणाला तरी पडलेली असावी लागते.

तिनं रिसीव्हर कानाला लावला. "चाचा, उद्यापासून हे बंद होनार. मले काढा लागते. तुमचा आजचा पाठवून घ्या. मी थांबून हाव."

"किती टाइम हाय?"

"तुमाले लागन तेवढा."

तिकडे एकेक कळ शोधत बोटं पडत होती. टेबलावरच्या दुसऱ्या फोनवर पुण्याची घंटी दोनदा वाजली; ज्योत्स्नानं तो उचलला नाही. अकराला दहा मिनिटं कमी असताना चाचा म्हणाले, "गेला." त्यांनी स्वतःच लॉगआउट केलं आणि पडद्यावरची ती ओळ पुसली गेली.

तिनं शेवटचा पहारेकरी उतरवला. सर्व्हर थांबवला. काढण्याचा आदेश लिहिला. खात्री आहे का, असं यंत्रानं विचारलं. तिनं होय लिहिलं. काढल्यावरही एक फोल्डर मागं उरतो, तो हातानं पुसावा लागतो. तोही तिनं पुसला. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

आठवड्यानं केंद्रातला संगणक ताब्यात घ्यायला तिलाच अंजनगावला पाठवलं. ती एसटीतून उतरली तेव्हा नऊ वाजले होते. केंद्राच्या भिंतीचा एक चौकोन काळ्या रंगानं नवा रंगवलेला होता. गफ्फारचाचा स्टुलावर उभे राहून त्यावर खडूनं लिहीत होते. अक्षर मोठं, जरा तिरकं. सात-आठ माणसं सायकली टेकवून वाचत होती.

एक बाई पाठीवर फवाऱ्याचा पंप घेऊन रस्त्यानं चालली होती. ती थबकली. "काय लिवलं जी, चाचा? मले वाचता येत नाई."

"वारा हाय, पंचफुलाबाई. आज नोका जाऊ."

बाईनं एकदा झाडांच्या शेंड्यांकडे पाहिलं. मग खांद्यावरचे पट्टे सैल केले, पंप भिंतीशी टेकवून ठेवला आणि ती पायरीवर बसली.