‘ए’च्या डोक्यावरची रेघ

लॅटिन विभागात विद्यार्थी मोजून अकरा, आणि त्यांतली एकच तोंडी परीक्षेत आपटली. ती पाथरवटाची मुलगी. घरात तिला पंडितीण म्हणत. आधी कौतुकाने म्हणत, निकालानंतर त्याच शब्दाला जरा खवचट वास यायला लागला.

“जी भाषा बोलणारं एक माणूस जिवंत नाही, त्या भाषेत तुझी चूक काढली तरी कोणी?” आईने विचारलं.

काढली होती विभागप्रमुखांनी. मुलं त्यांना अपवाद सर म्हणत. कुठलाही नियम सांगून झाला की ते चष्मा पुसायचे, “आता अपवाद” म्हणायचे आणि मग घंटा होईपर्यंत अपवादच. त्यांनी पंडितिणीला एका साध्या नामाचं संबोधन विचारलं, हिने घाबरून प्रथमाच ठोकून दिली. सर म्हणाले, “घरात वडिलांना हाक तरी नीट मारतेस ना?” आता फेरपरीक्षा एकदाच. तीही गेली की पटावरून नाव कमी, मग खुशाल घरी बसून कांदे चिरा.

त्यातच विभागाला शंभर वर्षं पूर्ण झाली. दाराशी कोरीव दगड बसवायचं ठरलं आणि ते काम नेमकं हिच्या बाबांकडे आलं. दगडाचं अनावरण शुक्रवारी, फेरपरीक्षा शनिवारी.

बाबांना लॅटिनचं ओ की ठो कळत नव्हतं, पण तीस वर्षांत त्यांच्या छिन्नीखालून एक अक्षर चुकीचं गेलं नव्हतं. थडगी, पूल, इस्पितळं, सगळीकडे त्यांचा हात होता. सरांनी स्वतःच्या हाताने मजकूर लिहून दिला होता: केंतुम अन्नी लित्तेरारुम लातीनारुम. लॅटिन साहित्याची शंभर वर्षं. बाबांनी तो पेन्सिलीने दगडावर आखायला घेतला, तर दगडाच्या उजव्या कडेला एक भुसभुशीत शीर निघाली. तिथे छिन्नी लावली की कोपराच निखळला असता. पहिली ओळ एका अक्षराने लांब होत होती.

मंगळवारी दुपारी पंडितीण चहा घेऊन कारखान्यात आली.

“बघ गं, बरं दिसतंय का?” बाबांनी विचारलं.

पंडितीण दोन पावलं मागे सरली, मान तिरकी केली, डोळे बारीक केले. सरही असंच करत. मजकूर तर तिला पाठच होता. पण पहिल्या ओळीत एका ‘ए’च्या डोक्यावर बाबांनी एक आडवी रेघ मारलेली दिसली, आणि बाईसाहेबांना स्फुरण चढलं.

“बाबा, ही रेघ पुसा आधी!”

“का? जुन्या दगडांवर असते की. मला शिकवणाऱ्याने दाखवली होती.”

“ती दीर्घाची खूण आहे. बाळबोध पुस्तकांत घालतात, आमच्यासारख्या शिकाऊ लोकांसाठी. खरे रोमन लोक कधी असल्या कुबड्या वापरत नव्हते. सर तासाला दहादा सांगतात. त्यांनी ही बघितली तर आपली अब्रू जाईल.”

“पण मला त्याने सांगितलं होतं की...”

“त्याला लॅटिन येत होतं का?”

“नाही बुवा.”

“मग?”

बाबांनी ओलं फडकं घेतलं आणि रेघ पुसली. पंडितीण चहाचे कप घेऊन गुणगुणत घरी गेली. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच, आणि हिचं तर हळकुंड अर्धंही नव्हतं.

कारण ती रेघ दीर्घाची नव्हतीच. ओळ मावेना की जुने कारागीर जोडीच्या दोन अक्षरांतलं एक गाळत आणि आधीच्या अक्षरावर रेघ मारत. वाचणाऱ्याने समजून घ्यायचं की इथे अजून एक आहे, जागेअभावी आत आलेलं नाही. बाबांनी ‘अन्नी’तला एक ‘एन’ गाळला होता आणि त्याच्या बदल्यात ती रेघ दिली होती. आता रेघ गेली, एनही गेला, आणि उरलं ते ‘आनी’. मराठी डोळ्याला ते आपलं साधं ‘आणि’ वाटावं. लॅटिनमध्ये मात्र त्याचा अर्थ ढुंगणं.

शुक्रवारी मांडवात दीडेकशे माणसं होती. कुलगुरू होते, आणि पाहुणे निवृत्त न्यायाधीश, सपत्नीक. त्यांनी पडदा ओढला आणि लॅटिनचा गंध नसलेल्या माणसालाच येतो तशा आत्मविश्वासाने खणखणीत वाचलं, “केंतुम आनी लित्तेरारुम लातीनारुम!”

लॅटिन साहित्याची शंभर ढुंगणं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. विभागाची दहा मुलं तेवढी एकमेकांच्या खांद्यात तोंड खुपसून हलायला लागली. तसं पाहिलं तर मजकूर अगदीच खोटा नव्हता; शंभर वर्षं त्या बाकांवर दुसरं काय टेकलं होतं?

पंडितिणीने दगडाकडे बघितलं, आणि ह्या वेळी खरंच वाचलं. रेघ कशाची होती ते तिला आत्ता कळलं.

अपवाद सर बाबांसमोर येऊन उभे राहिले. कानापर्यंत लाल झाले होते. “दोन एन लिहून दिले होते मी! दोन! बघून उतरवायलाही अक्कल लागते का हो? अडाण्याच्या हाती छिन्नी दिली की हे असं होतं!”

लोक वळून बघायला लागले. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“चूक माझीच आहे साहेब,” ते म्हणाले. “एक अक्षर मी खाल्लं.”

पंडितिणीकडे त्यांनी मुद्दाम बघितलं नाही, आणि तिला कारण कळलं. उद्या शनिवार होता. गप्प राहिलं की सगळं निभावणार होतं: बाबा चुकले, सर बाबांवर चिडले, परीक्षा आपली वेगळी. ती गप्प राहिली. किती वेळ ते तिला पुढे कधी कबूल करवलं नाही, पण सरांनी “अडाणी” हा शब्द दुसऱ्यांदा उच्चारेपर्यंत ती गप्पच होती.

“सर, रेघ होती,” ती म्हणाली.

“कसली रेघ?”

“‘ए’वर. गाळलेल्या एनची. बाबांनी बरोबर आखलं होतं. मला वाटलं दीर्घाची खूण आहे. मी पुसायला लावली.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “म्हणजे हा शब्द तुझा. मग चालव त्याच्या विभक्त्या. इथेच.”

“इथे?”

“दगड इथेच आहे ना?”

मग पंडितिणीने, कुलगुरू, न्यायाधीश आणि त्यांची पत्नी ह्यांच्यासमोर ताठ उभं राहून ढुंगण चालवलं. आनुस, आनी, आनो, आनुम, आनो. पाच झाल्या आणि ती थांबली. पुढे संबोधन. ज्यांना काही कळत नव्हतं त्यांनाही एवढं कळलं की पोर अडलीय.

“आने!” ती सरांच्या तोंडाकडे बघत ओरडली. “हे ढुंगणा!”

न्यायाधीशांच्या पत्नीने रुमाल तोंडाला लावला.

“कोणाला उद्देशून?” सरांनी विचारलं.

“व्याकरणापुरतं, सर.”

“अनेकवचन?”

तेही तिने धडाधड म्हटलं, एक मात्रा न चुकता. सर वळून बाबांना म्हणाले, “मघाशी मी बोललो ते मागे घेतो. तुम्हाला माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त येतं.” मग हिला म्हणाले, “झाली परीक्षा. पास. उद्या येऊन माझा शनिवार नासवू नकोस.”

दगड उतरवून हातगाडीवर घालून दोघं घराकडे निघाली. पंडितीण हवेत होती. पास! तिने अर्ध्या रस्त्यापर्यंत बडबड केली, सरांची नक्कल केली, न्यायाधीशांच्या पत्नीच्या रुमालाची केली. बाबा गाडी ढकलत होते. चढावर ते दम खायला थांबले, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की ते एकदाही हसले नव्हते.

“बाबा, रागावलात? सांगितलं ना मी सगळ्यांसमोर. आणि रेघ तुमची बरोबर होती, सरांनीही मानलं.”

“ती बरोबर आहे हे मला मंगळवारीच माहीत होतं.”

“मग पुसलीत कशाला? म्हणायचं ना, गप्प बस पोरी.”

बाबांनी चाकाखाली धोंडा लावला आणि कपाळावरचा घाम पुसला.

“पोरीचं ऐकून पुसली नाही मी,” ते म्हणाले. “पोरीला गप्प बसवलं असतं. मला वाटलं, शिकलेलं माणूस सांगतंय.”

पंडितिणीला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही. मग तिने दुसऱ्या बाजूने गाडीला खांदा दिला आणि दोघांनी तो दगड चढावर नेला.