जिन्यावर थांबलेली बाई

“घाई करू नकोस. तुला पान दिसतंय, मला दिसत नाहीये, एवढं लक्षात ठेवून वाच.”

आत्याचं हे सांगणं रोजच्यासारखं आठवून मिठूने एक श्वास घेतला आणि फोनवरचं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. कपाट आणि पलंग यांच्यामधल्या बोळकांडीत ती डोक्यावरून रजई घेऊन बसली होती. रजईमुळे खोलीचा घुमारा येत नाही, हा तिचा स्वतःचा शोध. मांडीवर जाडजूड कादंबरी, उजव्या हाताशी वाळलेल्या वाटाण्यांचा पत्र्याचा डबा. डबा आडवा धरून हळूच कलता केला की लाटा यायच्या. गदागदा हलवला की वादळ.

आज वादळ होतं.

आत्या म्हणजे तिच्या बाबांची थोरली बहीण. तीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसलेली. कुठल्या डॉक्टरांचा कुठला नंबर, हे तिच्या बोटांना पाठ. निवृत्त झाली आणि दोनच वर्षांत साखरेने डोळ्यांवर हात मारला. एका दीपगृह सांभाळणाऱ्या बाईची कादंबरी ती वाचत होती. अर्ध्यावर असतानाच अक्षरं तिला सोडून गेली. पुस्तक मिटून तिने फळीवर ठेवलं, तेव्हा समोर बसलेली मिठू पटकन बोलून गेली होती, “मी वाचून दाखवीन तुला. रोज दोन पानं, शेवटच्या पानापर्यंत. खाडा नाही करणार.”

“बघ हं. नेम धरणं सोपं असतं.”

“बघच तू.”

पूल ओलांडून पलीकडे आत्याचं घर. शाळा आणि क्लास यांच्यामधून रोज तिकडे जाणं जमेना, म्हणून हे रेकॉर्डिंग. सहा महिने झाले होते. तापातही मिठूने दोन पानं वाचली होती. त्या दिवशी सगळीच पात्रं नाकात बोलली एवढंच.

पुस्तकात आज दीपगृहाच्या बाईचा नवरा वादळात सापडला होता. मिठूने आवाज घोगरा केला, डबा हलवला आणि जीव तोडून ओरडली, “दिवा विझवू नकोस! मी येतोय गं, मी येतोय!” आणि नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजली. त्यांची बेल चिमण्यांसारखी चिवचिवायची. बाबा किल्ली विसरले होते.

“बाबा! समुद्रात चिमण्या सोडल्यात तुम्ही!”

“कुठल्या समुद्रात?” बाबांनी बूट काढता काढता विचारलं.

ते बिघडलेलं रेकॉर्डिंग तिने शेंगेला पाठवलं आणि खाली हसरे चेहरे टाकले. शेंग म्हणजे तिची पहिलीपासूनची मैत्रीण. उंच, काटकुळी, नववीची मॉनिटर. मिठूचं वाचन आत्याच्या आधी एकाच माणसाने ऐकायचं ठरलेलं होतं, आणि ते माणूस शेंग. दीपगृहाच्या बाईचं पहिलं मूल जातं, त्या पानांवर शेंग रडली होती आणि दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी शाळेत आली होती.

मिठूने तीच दोन पानं पुन्हा वाचली. या वेळी चिमण्या आल्या नाहीत. पाठवायला गेली तेवढ्यात वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी गृहपाठ विचारला, ग्रुप टुणकन यादीत वर आला आणि तिचं बोट आत्याच्या नावाऐवजी त्याच्यावर पडलं.

एक्कावन्न जण.

घाईघाईत तिने पुसायचं बटण दाबलं, तेही चुकीचं. रेकॉर्डिंग फक्त तिला दिसणाऱ्या ग्रुपमधून गेलं. बाकीच्या सगळ्यांच्या फोनवर तसंच राहिलं, आणि आता ते तिला पुसताही येईना.

“शेंगे, तू ॲडमिन आहेस ना? काढ ते! आत्ताच्या आत्ता!”

“काय ते? ... अयाई गं! थांब, थांब. काढलं. गेलं बघ.”

“कुणी ऐकलं असेल?”

“चार मिनिटांचं रेकॉर्डिंग एका मिनिटात कोण ऐकतंय? पाणी पी आधी.”

“शपथ?”

“अगं शपथ. कुणाला काही कळणार नाही. मी आहे ना.”

मिठू खरंच पाणी प्यायली. मग आत्याच्या नावावर तीनदा नजर टाकून तिला पानं पाठवली. पानांच्या शेवटी दीपगृहाची बाई हातात कंदील घेऊन धावत जिना चढू लागते आणि मध्येच खालून दार वाजतं. ती थांबते. तिथे पान संपत होतं.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला बाईंना फळ्यावर प्रोजेक्टरने चित्रं दाखवायची होती. “कुणीतरी लाइट बंद करा रे.”

बटणापाशी बसलेल्याने हात वर केला आणि मागच्या बाकांवरून घोगऱ्या आवाजात आरोळी आली, “दिवा विझवू नकोस!”

“मी येतोय गं, मी येतोय!” दुसऱ्या कोपऱ्यातून.

वर्गात हशा पिकला. कुणी कंपासपेटी खुळखुळवून लाटा काढल्या. बाईंना काही ठाऊक नव्हतं. पण हसण्याची लागण होते, त्याही हसल्या. “काय चाललंय हे? नाटकाबिटकात आहात की काय?” मिठूने पुस्तकात मान घातली. पान कुठलं उघडलंय हेही तिला दिसत नव्हतं.

मधल्या सुट्टीत शेंगेने तिच्या खांद्यावर हात टाकला. “कुणीतरी तेवढ्यात उतरवून घेतलं असणार. लोक ना, नालायक असतात एकेक. तू लक्ष नको देऊस.”

“पण एवढ्या लवकर?”

“असतात गं काही जण टपलेले.”

तिचा हात खांद्यावर ऊबदार वाटला. मिठू त्या उबेत जरा सैलावली, जेवणाच्या डब्याचं झाकण उघडलं. तेवढ्यात मागच्या बाकावर, दप्तराआड लपवलेल्या फोनवर कुणीतरी ते लावलं. लाटा. वादळ. तिचा घोगरा आवाज. आणि मग, भर समुद्रात, चिमण्या.

पोरं चिमण्यांना तर पोट धरधरून हसली.

मिठूने झाकण हळूच परत लावलं. ग्रुपवर चुकून गेलेल्या रेकॉर्डिंगमध्ये चिमण्या नव्हत्या. चिमण्यांचं रेकॉर्डिंग तिने जगात एकाच माणसाला पाठवलं होतं. त्या माणसाचा हात अजून तिच्या खांद्यावर होता.

तिने तो काढून बाकावर ठेवला. एखादी वस्तू ठेवावी तसा.

“नळाशी चल.”

नळापाशी शेंगेने उगाच हात धुतले, पुन्हा धुतले.

“तू दिलंस.”

“काय?”

“चिमण्या आहेत त्यात, शेंगे.”

शेंगेचा चेहरा आधी लाल झाला आणि मग कसातरीच. “अगं, गंमत म्हणून. तू समजतेस तसं नाहीये. मी ते काढलं ना, तर ग्रुपवर लिहून आलं, ॲडमिनने मेसेज काढला. मग सगळे माझ्याच मागे. काय होतं, काय होतं, सांग ना. ती पुढच्या बाकावरची, मला कधी हाय म्हणत नाही, तिने फोन केला मला. स्वतःहून!”

“म्हणून?”

“चाळीस सेकंदांचंच कापून दिलं. तुझं नाव पण नाही घेतलं मी.”

“माझा आवाज आहे तो.”

“आणि तू जे काढ म्हणालीस ते मी काढलंच होतं,” शेंग एकदम हट्टाने म्हणाली. “ते कुणालाच दिलं नाही. खरंच. शब्द पाळला मी.”

नळ नीट बंद झाला नव्हता, तो मिठूने पिळून बंद केला आणि वर्गात जाऊन बसली. त्या तासाला त्यांच्या बाकावर दोघींच्या मध्ये दप्तर होतं. पहिलीपासून पहिल्यांदाच.

घरी आल्यावर तिने बेलचं आतलं बटण बंद केलं. बाबांनी येऊन बराच वेळ बेल दाबली, मग दार वाजवलं. “बिघडली वाटतं,” ते म्हणाले.

साडेपाच वाजले, रोजची वाचायची वेळ. रजई पलंगावर घडी करून पडली होती. मिठूने पुस्तक उघडलं. “बाईने कंदील वर धरला,” एवढंच वाचलं आणि स्वतःचा आवाज कानांवर आला तशी थांबली. तो आवाज आता तिचा एकटीचा राहिला नव्हता. कुठल्या कुठल्या फोनमध्ये, कुणाकुणाच्या जेवणाच्या टेबलावर तो पडून होता.

आईला दोन दिवसांनी कळलं. आई एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचं काम करते. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायची तिला सवय. कामावर निघताना देवासमोर डोळे मिटून घटकाभर उभं राहायचा तिचा नेम. त्या दिवशी डोळे उघडले तेव्हा मिठू तिच्याकडेच बघत होती. मग सगळं बाहेर आलं.

“मी जाऊन बोलते तिच्या आईशी,” आई म्हणाली. “लहानपणापासून आपल्या घरात जेवलीये ती पोरगी.”

“नको. आणि आत्याला पण सांगू नकोस. माझी परीक्षा आहे म्हणून सांग.”

आईने तसं सांगितलं. पाचव्या दिवशी, शनिवारी दुपारी, आत्याचाच फोन आला. तो मिठूला घ्यावा लागला.

“काय गं, परीक्षा?”

“घसा पण बसलाय.”

“बसलेला घसा असा नसतो. तीस वर्षं हेच केलंय मी, मिठू. हॅलो म्हणण्याआधी कळायचं पलीकडे बाळ झालंय की माणूस गेलंय.” आत्या थांबली. “आणि तुझ्या आईला खोटं बोलताना ठसका लागतो. काही विचारणार नाही मी.”

ती विचारणार नव्हती, म्हणून मिठूने सांगितलं.

“आमच्याकडे एक होती,” आत्या म्हणाली. “माझ्या शेजारच्या खुर्चीवर. अकरा वर्षं. मी ‘नमस्कार, कुठे जोडून देऊ?’ म्हणायचे ना, ‘देऊ’ला जरा हेल काढून. तर स्टाफच्या कार्यक्रमात तिने स्टेजवर माझी नक्कल केली. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, सगळे लोळून हसले. मी पण हसले, पहिल्या रांगेत होते ना. आणि तिला ते कुठून जमलं? मीच एकदा करून दाखवलं होतं, नोकरीच्या सुरुवातीला घरी कसा सराव करायचे ते. फक्त तिला.”

“मग?”

“मग काय. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची ड्यूटी होती.”

“आणि?”

“सहाला फोन वाजला. कुणाचं तरी बाळ निळं पडलं होतं. उचलला.”

“हेल काढून?”

“तो थोडाच ठरवून काढते मी! येतो.”

मिठूला हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू.

“तिच्याशी परत बोललीस?”

“कामापुरतं. शेजारी बसून.” आत्याचा आवाज जरा खाली गेला. “ते तसं पुन्हा नाही होत, बाळा. होतं असं मी तुला सांगणार नाही.”

हे ऐकून मिठूला का कोण जाणे, बरं वाटलं. आठवडाभरात कुणीतरी पहिल्यांदाच तिला खरं सांगत होतं.

“तुला नाही जमणार तर राहू दे पुस्तक,” आत्या म्हणाली. “मी तुझी ती शेवटची दोन पानं ऐकते रोज. पाच वेळा झाली. फक्त ती बाई अजून जिन्यावरच उभी आहे गं. हातात कंदील. खाली दार वाजतंय आणि वर दिवा विझायला आलाय. तिच्या पायांना कळ लागली असेल एवढंच मनात येतं.”

फोन ठेवल्यावर मिठू उठली. तोंड धुतलं. कापडी पिशवीत पुस्तक टाकलं, खुणेचा कागद हललेला नाही ना पाहिलं. वाटाण्यांचा डबा घेतला, ठेवला, परत घेतला.

आई दुकानातून नुकतीच आली होती. “कुठे?”

“आत्याकडे. समोर बसून वाचते. आता रोज तसंच.”

“क्लास असतो की तुझा. आणि पूल केवढा लांब.”

“क्लास सुटला की साडेसहाला जाईन. चालेल तिला.”

टेबलावर तिचा फोन थरथरला. पडद्यावर शेंगेचं नाव होतं; त्याखाली न उघडलेले नऊ मेसेज. आईने फोन उचलून पुढे केला. “हा राहिला तुझा.”

“राहू दे. तिकडे काही रेकॉर्ड करायचं नाहीये.”

आईने फोन पालथा घालून ठेवला. दाराशी येऊन तिने मिठूच्या गालावरचा एक केस कानामागे सारला.

मिठूने चपला घातल्या. बेलच्या बटणाकडे तिची नजर गेली. ते बंदच होतं, तिने ते बंदच राहू दिलं. मग ती जिना उतरू लागली. प्रत्येक पायरीला पिशवीतला डबा कलंडायचा आणि आतून एक लहानशी लाट यायची. पहिल्या मजल्यावरची दोन पोरं ऐकून वळून बघायला लागली. मिठूने डबा हाताने दाबून धरला. दोन पायऱ्या तशीच उतरली. मग हात काढून घेतला, आणि घाई न करता उरलेला जिना उतरून पुलाच्या दिशेने चालू लागली.