सहदेवकाकांना समुद्र दाखवणे

वच्छलाबाईंच्या नवऱ्याचा एकुलता एक फोटो अरबी समुद्रात पडला आणि परत मिळाला नाही.

असं काही झालं नाही. निदान डोणगावच्या इंद्रभाननं जहाजाचा कठडा धरून उभ्या उभ्या तसं ठरवलं, आणि पुढचे बरेच दिवस तो त्यावर ठाम राहिला. तेव्हा आपणही तसंच धरून चालू. जहाज होतं, समुद्र होता, लोक फोटो काढत होते, कुणाचं काही पडलं नव्हतं.

इंद्रभानचं डोणगावात कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. त्याच्या बियाणे कंपनीनं पूर्वी जास्त माल खपवणाऱ्या दुकानदाराला कुकर दिला होता, नंतर भिंतीवरचं घड्याळ दिलं. यंदा द्यायला काही उरलं नसावं, म्हणून समुद्र दिला. मुंबईहून जहाजात बसायचं, लक्षद्वीपपर्यंत जायचं, बेटं बघायची, फोटो काढायचे, परत यायचं. सपत्नीक. इंद्रभानच्या बायकोनं, सुचितानं, बातमी कळल्याच्या संध्याकाळीच गॉगल घेतला.

गावाला एवढंच समजलं की ही दोघं लांबच्या पाण्याला निघालीत. लांबच्या पाण्याला जाणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं, हे गावाला पाठ होतं. काशीला निघालेल्याच्या हातात शेजारीपाजारी रुपया ठेवतात आणि आमच्या नावानं गंगेत सोडा म्हणतात. रुपया पाण्यात पडला की देणाऱ्याचं जाणं झालं असं धरतात. पण जहाजावरून पाण्यात काहीही टाकायला बंदी आहे, हे कंपनीच्या माणसानं आधीच बजावून ठेवलं होतं. तोडगा वामनरावांनी काढला. वामनराव निवृत्त ग्रामसेवक. गुडघे गेलेले, तोडगे शाबूत. ते दुकानात आले, खिशातून स्वतःचा पासपोर्ट साइज फोटो काढला आणि म्हणाले की हा समुद्रासमोर धर आणि मोबाईलात त्याचा फोटो काढ, म्हणजे मी जाऊन आलो असं होईल, रेकॉर्डही राहील.

मग दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा फोटो जास्त यायला लागले. बांधावरून कोर्टात गेलेले दोघे भाऊ वेगवेगळ्या वेळी येऊन गेले. दोघांची अट एकच होती, दुसऱ्याच्या शेजारी धरू नको. एका सुनेनं सासूचा फोटो दिला आणि अगदी पाण्याजवळ धरायला सांगितलं. एका जणानं बैलाचा फोटो दिला. बैल विकून झाला होता, पण गुणी होता, म्हणाला. समुद्र म्हणजे ओल, म्हणून बहुतेकांनी फोटो लॅमिनेशन करून आणले होते. इंद्रभाननं ते सगळे तुरीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत भरले.

वच्छलाबाई सगळ्यांच्या शेवटी आल्या. त्यांचं घर दुकानाच्या मागं. त्यांनी पदराच्या गाठीतून फोटो काढून काउंटरवर ठेवला. तो बँकेच्या पासबुकातून सोडवलेला होता. सहदेवकाकांच्या डाव्या खांद्यावर बँकेचा अर्धा गोल शिक्का बसला होता. काका गेले तेव्हा गावात कुणाच्या फोनला कॅमेरा नव्हता, आणि त्यांचा दुसरा फोटो कधी निघालाच नाही. मोठा करून भिंतीवर लावावा असं सगळे सांगत, पण वच्छलाबाई लावत नव्हत्या. भिंतीवर लावला की हार घालावा लागतो, आणि हार घालायची त्यांची तयारी नव्हती.

इंद्रभान म्हणाला की लॅमिनेशन करून घेऊ. त्या नको म्हणाल्या. काका दम्यानं गेले होते. प्लास्टिकमध्ये त्यांना कोंडल्यासारखं होईल. मग झेरॉक्स तरी काढून ठेवू, तर झेरॉक्समध्ये माणूस काळा येतो. मोबाईलवर आधीच एक फोटो काढून ठेवावा, हे इंद्रभानला सुचलं होतं. पण फोटोचा फोटो काढायलाच तर आपण समुद्रावर चाललोय, असं वाटून त्यानं तो काढला नाही.

"त्यायले समुद्र पाह्याचा होता," वच्छलाबाई म्हणाल्या. "नीट दाखव. घाई नको करू."

हे इंद्रभानला सांगायची गरज नव्हती. सहदेवकाका टेम्पो चालवायचे. डोणगावचा कापूस भरून नांदुऱ्याला न्यायचे, आणि शाळेला सुट्टी असली की इंद्रभान पुढं त्यांच्या शेजारी बसायचा. माल उतरला की काका त्याला घेऊन रेल्वे स्टेशनवर जायचे. मुंबईची गाडी आली की उभे राहायचे, गेली की बसायचे. हे रूळ शेवटी समुद्राला जाऊन भेटतात, असं त्यांनी इंद्रभानला सांगितलं होतं. एक दिवस मी नांदुऱ्याहून मागं फिरणार नाही, सरळ पुढंच जाईन, असंही सांगितलं होतं. मग चहा संपवून ते मागं फिरायचे.

जहाज म्हणजे मेहकरचं बस स्टँड एकावर एक रचून वरून पांढरा रंग द्यावा, तसं होतं. आत लिफ्ट होती, पोहायचा तलाव होता. एवढ्या पाण्यावर तरंगताना लोक आत वेगळ्या पाण्यात पोहत होते, हे इंद्रभानला शेवटपर्यंत पटलं नाही. दुकानदार मंडळी कंपनीच्या पिवळ्या टोप्या घालून सगळीकडे फोटो काढत होती: हात पसरून, सूर्य चिमटीत धरून, दोरखंडावर पाय ठेवून. जहाजाचा स्वतःचा फोटोग्राफर दारादारात उभा राहून सगळ्यांना हसायला सांगत होता.

इंद्रभान मात्र पिशवी घेऊन कठड्याशी. डाव्या हाताच्या चिमटीत फोटो, उजव्या हातात मोबाईल. दीपगृह आलं की वामनराव, बेट आलं की सासूबाई. दोघा भावांना त्यानं जहाजाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना नेलं. बैलाला सूर्यास्त दाखवला. एका सकाळी डॉल्फिन आले, सगळं जहाज एका बाजूला धावलं. इंद्रभानला ते दिसले नाहीत, कारण तेव्हा तो पिशवीत तोंड घालून कुणाला दाखवावेत ते शोधत होता.

"आपुन दोघं आलो का ग्रामसभा आली?" सुचितानं विचारलं. गॉगल लावून एकटीच खुर्चीवर बसायला तिला कंटाळा आला होता. इंद्रभान म्हणाला की एवढा एकच फोटो राहिलाय, मग आपलेच काढू.

सहदेवकाकांना त्यानं शेवटपर्यंत राखून ठेवलं होतं. साधं निळं पाणी दाखवून त्यांची बोळवण करायची नव्हती. परतीच्या सकाळी एका बेटाजवळून जाताना पाणी हिरवं झालं, काठाशी पांढरं, आणि आतली वाळू वरून दिसायला लागली. इंद्रभानला वाटलं, हेच. त्यानं पिशवीतून काकांचा फोटो बाहेर काढला, हातावर पुसला, आणि चेहरा झाकू नये, शिक्काही झाकू नये म्हणून अगदी कोपऱ्याला दोन बोटांनी धरला. काका, पाहा, असं तो मनात म्हणाला. मग जरा थांबला. घाई नको म्हणून.

वारा मागून आला. बोटं तिथंच राहिली.

मोबाईलनं आपलं काम केलं. फोटोत दोन बोटं आली, हिरवं पाणी आलं, आणि त्या दोहोंच्या मध्ये सरकीएवढा एक पांढरा ठिपका आला.

"सहदेवकाका गेले," इंद्रभान ओरडला. सुचिता धावत आली आणि पडले हो, पडले, म्हणून तीही ओरडली. पहाऱ्यावरच्या माणसानं हिंदीत विचारलं, कौन गिरा? इंद्रभाननं जसं होतं तसं सांगितलं: सहदेव किसनराव, मुक्काम पोस्ट डोणगाव, तालुका मेहकर. चार दिवस गावाला समुद्र दाखवत फिरलेल्या माणसाला तेव्हा दुसरं उत्तर सुचणं शक्य नव्हतं.

पहारेकऱ्यानं एक नारिंगी कडं पाण्यात फेकलं. भोंगा वाजला. जहाज मंद होत गेलं. पिवळ्या टोप्या कठड्याशी जमल्या आणि सगळ्यांनी मोबाईल पाण्याकडे वळवले. एक अधिकारी प्रवाशांची यादी घेऊन आला. यादीत सहदेव नव्हता. मग इंद्रभाननं नीट सांगितलं. अधिकाऱ्यानं ते हात मागं बांधून ऐकलं, पिशवी उघडायला लावली, बैलाचा फोटो बराच वेळ पाहिला, आणि पाण्यात वस्तू पडू दिल्याबद्दल समज दिली. अशा वस्तूसाठी जहाज थांबवता येत नाही, असंही सांगितलं. खरं म्हणजे तोवर ते थांबल्यातच जमा होतं. नांदुऱ्याच्या पुढं कधी न गेलेल्या एका टेम्पोवाल्यासाठी एवढं मोठं जहाज भर समुद्रात वाट पाहत होतं. मग ते पुन्हा निघालं.

यातलं काही झालं नव्हतं, हे वर सांगितलंच आहे. सुचितानं त्याच्याकडे पाहिलं आणि गॉगल काढून पर्समध्ये ठेवला. आपले फोटो काढायचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

गावानं मावंदं घालायला लावलं. यात्रेहून आल्यावर जेवण घालतात तसं, पुरण, भजी, सगळं. मेहकरच्या स्टुडिओतून इंद्रभाननं प्रिंट आणल्या होत्या. पंगती उठल्यावर त्या वाटल्या. प्रत्येक प्रिंटमध्ये इंद्रभानचा अंगठा, अंगठ्याखाली माणूस, माणसामागं समुद्र. लोकांना पसंत पडलं. वामनरावांनी आपली प्रिंट दूर धरून पाहिली आणि आपल्याला समुद्र मानवलेला दिसतो, असं मत दिलं. बैलवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

वच्छलाबाईंना इंद्रभान म्हणाला की तुमची प्रिंट मागून येणार आहे. मग म्हणाला की स्टुडिओत मशीन बिघडलंय. मग तो मागच्या दारानं घरी जायला लागला, पण मागच्या दारासमोर त्यांचंच घर होतं, म्हणून पुन्हा पुढच्या दारानं. त्या काही विचारत नव्हत्या. दुपारी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायच्या, एवढंच. गिऱ्हाइकांपैकी कुणी विचारलं तर सांगायच्या की सगळे येऊन गेले, आमचे अजून यायचेत. त्यांना काही घाईनं पाहणं जमत नाही.

हे इंद्रभाननं काउंटरमागून ऐकलं. त्या दिवशी त्यानं गल्ल्याखालून एक पाकीट काढलं, दुकान उघडंच टाकलं आणि पायरीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

"काकू, फोटो उडाला. माया हातातून."

त्यानं प्रिंट त्यांच्या मांडीवर ठेवली. वच्छलाबाईंनी चष्मा लावला. त्यांनी दोन बोटं पाहिली, हिरवं पाणी पाहिलं. मग बोट पुढं करून त्या ठिपक्याच्या अगदी जवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"हे?"

"हाव."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. 

"त्यायले पोह्यता येत नव्हतं, इंद्रभान."

इंद्रभाननं मान हलवली. मग त्याला एक गोष्ट आठवली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच सांगण्यासारखं काही आपल्याजवळ आहे असं वाटलं.

"जहाजवाल्यानं ट्यूब फेकली होती, काकू. लगेच फेकली. जहाजबी थांबवलं."

"त्यायच्यासाठी?"

"हाव. त्यायच्यासाठी."

वच्छलाबाईंनी यावर विचार केला. "मंग?" त्या म्हणाल्या. "धरली का त्यायनं?"

इंद्रभाननं हो म्हणायला तोंड उघडलं. मशीन बिघडल्याचं सहज सांगता आलं होतं. हे सांगता येईना.

"दिसलं नाई मले," तो म्हणाला.

त्यांनी त्याला शिवी दिली नाही, रडल्याही नाहीत. प्रिंट पदरात गुंडाळली, जिथं आधी फोटो असायचा त्याच गाठीत. दिसलं नाही म्हणजे धरलीच नाही असं होत नाही, एवढं म्हणाल्या. मग म्हणाल्या की वामनरावांना बोलाव, अर्ज लिहायचाय.

वामनराव काठी टेकत आले. अर्ज कुणाच्या नावानं करायचा, यावर त्यांनी थोडा वेळ घेतला. समुद्र कोणत्या खात्याकडं येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण कोणत्या तरी खात्याकडं येत असणारच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. वच्छलाबाई सांगत गेल्या, ते सरकारी मराठीत बसवत गेले. मध्ये एकदा ते थांबले, खिशातून स्वतःची समुद्रावरची प्रिंट काढून उगाच पाहिली, पुन्हा ठेवली आणि लिहायला लागले. खाली वच्छलाबाईंनी अंगठा केला. साक्षीदार म्हणून इंद्रभाननं सही केली.

प्रति,
मा. अधिकारी साहेब,
अरबी समुद्र (योग्य त्या मार्गाने)

विषय: श्री. सहदेव किसनराव, मु. पो. डोणगाव, यांची काळजी घेणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये अर्ज सादर करण्यात येतो की, सदर इसम आपल्या हद्दीत दाखल झाले असून त्यांच्या डाव्या खांद्यावर बँकेचा अर्धा शिक्का आहे, त्यावरून ओळख पटावी. सदर इसम दमेकरी असून त्यांस पोहता येत नाही. तरी त्यांस खोल बाजूस न ठेवता काठाकडील बाजूस, गुडघाभर पाण्यात ठेवण्यात यावे. समुद्र पाहण्याबाबत त्यांस घाई करण्यात येऊ नये. त्यांचे पाहून पूर्ण झाल्यावर त्यांस आपल्या सोयीच्या गाडीने नांदुरा स्टेशनपर्यंत सोडण्यात यावे, ही नम्र विनंती. तेथून पुढचा रस्ता त्यांस माहीत आहे.